सीटखालची डबी

तिचं खरं नाव नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तो फारसा बोलत नसे. बाकी सगळ्यांसाठी ती क्लचताई. गाडी शिकवायची म्हणजे दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "क्लच, ताई, क्लच!" असं ओरडायचं. शिकणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यात कोण कुणाला ताई म्हणतंय याचा घोळ होऊन नाव शेवटी तिलाच चिकटलं.

पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, आवाज मात्र ट्रकच्या हॉर्नसारखा. दुसऱ्या शिकवणाऱ्यांनी हात टेकले की घाबरट मंडळी तिच्याकडे यायची. तिची एक पद्धत होती. शिकणाऱ्याच्या मनात भीती शिरायला जागाच ठेवायची नाही, इतकं बोलत राहायचं. समोरून बस येत असली की ती हमखास सासूचा विषय काढी. बोलता बोलता बस निघून जाई आणि बाई सासूवर तोंडसुख घेत सरळ रेषेत गाडी चालवत असत. संध्याकाळपर्यंत घसा बसायचा. म्हणून गाडीच्या पुढच्या कप्प्यात खोकल्याच्या गोळ्यांची चपटी पत्र्याची डबी कायम असायची.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दोघांच्या संसारात शब्दांचा सगळा खर्च तीच करायची, तो फक्त मान हलवायचा. कधी फार झालं तर म्हणायचा, "आता जरा खाली ये."

त्या वर्षी तिच्याकडे एक ग्रंथपालबाई शिकायला येत होत्या. सार्वजनिक वाचनालयात उभी हयात काढून निवृत्त झालेल्या. केस पांढरेशुभ्र, बोलणं असं की जणू आजूबाजूला अजूनही कुणी वाचत बसलंय. गाडी त्यांचे यजमानच चालवायचे, लग्न झाल्यापासून. मग यजमानांना कॅन्सर झाला आणि बाईंनी ठरवलं, आता मीच त्यांना इस्पितळात नेईन. या वयात स्टिअरिंग धरायचं म्हणजे चेष्टा नाही. पण त्या प्रत्येक गिअर असा टाकायच्या की पुस्तक फळीवर जागच्या जागी ठेवतायत. क्लचताईला त्यांचं कौतुक होतं.

शिकणं अर्ध्यावर असताना यजमान गेले. बाई काही आठवडे आल्या नाहीत. मग एके दिवशी ठरल्या वेळी क्लचताईच्या फाटकाशी उभ्या. "आता कुठं जायचंय म्हणून शिकायचं, ते माहीत नाही," म्हणाल्या, "पण अर्धवट ठेवायची सवय नाही मला." क्लचताईने गाडीचं दार उघडलं.

त्यानंतर काही दिवसांनी जे घडलं ते भर दुपारी, चौकात.

स्टिअरिंगवर सलूनवाला होता. हा तिच्या मोजक्या पुरुष विद्यार्थ्यांपैकी एक. त्याला आरशात बघ असं कधी सांगावं लागत नसे. आरशातून नजर काढ म्हणून सांगावं लागे. त्या दिवशीही तो मागच्या मोटारीतल्या गृहस्थाच्या केसांचा भांग न्याहाळत होता आणि पुढे सिग्नल लाल झाला. क्लचताईने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी पांढऱ्या रेषेवर अर्धी पुढे, अर्धी मागे थांबली, आणि त्या धक्क्याने सलूनवाल्याच्या सीटखालून एक डबी घसरत आली ती थेट त्याच्या पायाशी.

"ताई, पायात काहीतरी आलं!"

"हात लावू नकोस! आधी हँडब्रेक!"

तोवर चौकातला वाहतूक पोलीस खिडकीशी आला होता. तरुण, नम्र, उन्हाने रापलेला. त्याने कागदपत्रं मागितली, सलूनवाल्याने घाईघाईने दार उघडलं आणि डबी रस्त्यावर पडली. पोलिसाने ती उचलली.

"ही कुणाची?"

खोकल्याच्या गोळ्यांची डबी. तशीच चपटी, तसंच झाकण. क्लचताईचा चष्मा डोक्यावर चढवलेला होता आणि तोंड अजून सलूनवाल्याला झापण्यात गुंतलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"माझीच आहे, द्या इकडे."

झाकण सैल होतं. पोलिसाने तळहातावर दोनतीन गोळ्या घेतल्या. लहान, गोल, निळसर, वर बारीक अक्षरं कोरलेली.

"या तुम्ही घेता?"

"रोज. दिवसातून दोनतीन तरी. त्याशिवाय माझं काम होत नाही."

सलूनवाला नंतर सगळ्यांना सांगत असे की त्या वेळी पोलिसाचा चेहरा त्याने आरशात पाहिला आणि दाढी करताना वस्तरा चुकल्यावर गिऱ्हाईकाचा होतो तसा तो झाला होता.

पोलिसाने अक्षरांचा फोटो काढला, फोनमध्ये काहीतरी शोधलं आणि दोघांना बाजूला उभं राहायला सांगितलं. मग पोलिसांची गाडी आली. पोलीस ठाण्यात क्लचताईला एका हिरव्या रंगाच्या खोलीत बसवलं. टेबलावर तिच्यादेखत गोळ्या मोजल्या, तोलल्या, पाकिटात घालून पाकीट बंद केलं. तोवर तिने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला होता आणि तिला दिसलं होतं की या आपल्या गोळ्या नव्हेत. तिच्या गोळ्या तपकिरी, बोटाच्या पेराएवढ्या. तिने तसं सांगितलं. एकदा सांगितलं, परत सांगितलं, मग सलूनवाल्याला कसं शिकवते इथपासून ते सगळं सांगितलं. समोरची अधिकारी बाई शांतपणे लिहून घेत होती.

"चौकात तुम्ही म्हणालात, माझ्या आहेत. आता म्हणता, नाहीत."

"अहो, बघितलं नव्हतं हो मी!"

"न बघताच म्हणालात?"

 या प्रश्नावर क्लचताईची पाचावर धारण बसली.

संध्याकाळच्या आत जामिनावर तिला सोडलं. गाडी ठाण्यातच राहिली आणि शिकवण्याचा परवाना काढून घेतला. नवरा कामावरून तसाच आला होता, हाताला अजून ग्रीसचा वास. पायऱ्यांवर तो तिच्याकडे बघत राहिला. ती म्हणाली, "मी काही केलेलं नाही." तो म्हणाला, "ते मला कशाला सांगतेस? चल, आधी चहा घेऊ." रस्ताभर दोघं चालत होते आणि दोघंही गप्प होते. नवऱ्याला ते इतकं अनोळखी वाटलं की घराजवळ येता येता त्यानेच हवेचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी ती वकिलीणबाईकडे गेली. ही तिची जुनी विद्यार्थिनी. कायद्याच्या परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेली, गाडीच्या परीक्षेत मात्र पुन्हा पुन्हा आपटलेली. तिचं ऑफिस एका छापखान्याच्या वर होतं. खालची यंत्रं चालू झाली की टेबलावरचा पाण्याचा पेला हलायचा.

"ताई, आधी एक," वकिलीणबाई म्हणाली. "इथून पुढं पोलिसांनी काही विचारलं तर म्हणायचं, माझ्या वकिलांशी बोला. एवढंच. जमेल?"

"जमवीन."

"तुम्हाला शपथ आहे. बरं, आता ऐका. त्या गोळ्या म्हणजे कॅन्सरच्या पेशंटला देतात त्या वेदनेवरच्या. फार कडक. सवय लावणाऱ्या. म्हणून सरकारनं त्या बंधनात ठेवल्यात."

"म्हणजे औषधच ना? गांजाबिंजा नाही ना काही?"

"औषधच. पण डॉक्टरची चिठ्ठी असेल तर औषध आणि चिठ्ठीशिवाय जवळ सापडलं तर गुन्हा. गोळी तीच."

क्लचताईला हे विचित्र वाटलं, पण मग तिने विचार केला की गाडीचंही तसंच आहे, लायसन्स असलं तर प्रवास आणि नसलं तर गुन्हा. तिने मान हलवली.

"तुमच्यावर आरोप आहे तो जवळ बाळगल्याचा. कायद्यात त्याला ताबा म्हणतात. डबी तुमच्या खिशात नव्हती, पण गाडी तुमची, म्हणून गाडीतलं सगळं तुमच्या ताब्यात, असं सरकारी वकील म्हणणार."

"अगं, मागे डिकीत उंदीर मरून पडला होता. तोही माझ्या ताब्यात होता का?"

"तुम्हाला वास आला तेव्हापासून," वकिलीणबाई म्हणाली. "हसू नका, तोच मुद्दा आहे. नुसती वस्तू तिथं असून भागत नाही. ती आहे हे तुम्हाला माहीत हवं, काय आहे तेही माहीत हवं. त्या गाडीत दिवसभर माणसं चढतात उतरतात. ही बाजू आपली भक्कम होती. पण तुम्ही स्वतःच सांगून बसलात, माझी आहे, रोज घेते. हात दाखवून अवलक्षण."

खालचं यंत्र सुरू झालं. पेला हलू लागला. क्लचताई पेल्याकडे बघत होती. कॅन्सर हा शब्द मघाशी कानावरून गेला होता, तो आता आत पोचला.

ग्रंथपालबाई परत आल्या त्यानंतरचा एक दिवस तिला आठवला. बाईंनी गाडी भिंतीला समांतर अशी सुरेख लावली होती, इंजिन बंद केलं होतं आणि मग रडायला लागल्या होत्या. रुमाल शोधताना पर्समधलं सगळं मांडीवर आलं होतं. किल्ल्या, चष्म्याचं घर, कसल्या कसल्या डब्या. क्लचताई त्या वेळी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसली होती.

"ताई? काय झालं?"

"मला कळलं बहुतेक, कुणाची ते."

वकिलीणबाईने पेन खाली ठेवलं. "आत्ता कळलं म्हणजे तेव्हा माहीत होतं असं होत नाही. हे लक्षात ठेवा, घाबरू नका. पण हा तुमचा अंदाज आहे. अंदाजावर कुणाचं नाव घ्यायचं का, ते विचार करून सांगा. आणि त्या माणसाला भेटलात तर काय बोलायचं ते शिकवू नका. ते तुमच्याही अंगाशी येईल आणि त्यांच्याही."

क्लचताईने नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, "नाव देऊन टाकलंस तर तू सुटशील?"

"सुटेन कदाचित. पण चुकीचं निघालं तर? नवरा गेलेल्या बाईच्या दारात पोलीस उभे राहतील."

"मग आधी विचार जाऊन," तो म्हणाला. "माणूस आहे ना जिवंत."

ग्रंथपालबाईंचं घर दोन खोल्यांचं, पुस्तकांनी भरलेलं. पुढच्या खोलीत इस्पितळासारखी वरखाली होणारी लोखंडी खाट अजून तशीच होती, गादी गुंडाळून ठेवलेली. क्लचताई खुर्चीवर बसली आणि तिने जे घडलं ते फक्त सांगितलं: चौक, ब्रेक, डबी, ठाणं. प्रश्न विचारला नाही. ग्रंथपालबाई ऐकता ऐकता पांढऱ्या पडल्या.

"मी ती डबी घरभर शोधली," त्या म्हणाल्या. "माझीच आहे ती. म्हणजे ह्यांची. इस्पितळाच्या मूळ पाकिटावरची अक्षरं ह्यांना वाचायला बारीक पडायची, म्हणून मी त्या खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत काढून ठेवायची."

"मग ते गेल्यावर परत का नाही केल्यात? दुकानदार परत घेतात ना?"

 बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"झोप यायची नाही हो. ही खाट समोर. एके दिवशी अर्धी घेऊन बघितली. सगळं लांब गेलं. मग अधूनमधून घ्यायला लागले. घरात ठेवली तर हात जाईल म्हणून पर्समध्ये ठेवली. जसं काही पर्स दुसऱ्याचीच आहे."

"गाडीत बसायच्या आधी घेतलीत कधी?"

"आदल्या रात्री घेतली असेल."

क्लचताई ताडकन उठली. इतका वेळ तिला केसची भीती वाटत होती, आता वेगळाच राग आला. "बाई! अहो, झापड असते त्याची दुसऱ्या दिवशीपर्यंत! शाळा सुटायच्या वेळी आपण त्या रस्त्यानं गेलोय! मला सांगायचं तरी! मी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून बसले असते, पण मला माहीत तर हवं!" तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या घरातली खिडकी उघडली. मग ती पुन्हा बसली. 

"आता मी काय करू?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"ते मी सांगायचं नाही, असं बजावलंय मला. तुम्ही स्वतःचा वकील बघा. माझी वकिलीण तुम्हाला चालणार नाही, ती माझ्या बाजूची आहे. आणि डॉक्टरांकडे जा. ते मात्र मी सांगते, त्याला कुणाची मनाई नाही."

वाटेत तिला वाटलं, उद्याच बाई ठाण्यात जाऊन सगळं सांगतील. तसं झालं नाही. दिवस गेले, मग आठवडे. बाईंकडून काहीच कळेना. वकिलीणबाईने विचारलं, "नाव देऊ का कोर्टात?" क्लचताई म्हणाली, "तारीख येईपर्यंत थांब."

तो थांबण्याचा काळ तिला सगळ्यांत जड गेला. ठाण्यातली दुपार परवडली, असं ती म्हणायची. भागात बातमी पसरली होती आणि पसरताना फुगली होती. क्लचताई गाडीतून पुड्या पोचवते, म्हणूनच एवढ्या गल्ल्या पाठ आहेत, इथवर गोष्ट गेली. ज्या बायका तिच्या हाताखाली शिकून आज भरधाव जात होत्या, त्यांतल्या काहींनी रस्ता बदलला. काही मात्र मुद्दाम गाडी थांबवून काच खाली करायच्या आणि मोठ्याने हाक मारायच्या. सलूनवाला तर खुर्चीत बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कानाशी कात्री धरून सांगायचा की बाईंचा चष्मा डोक्यावर होता. कानाशी कात्री असताना कोण वाद घालणार?

ती नवऱ्याबरोबर कामावर जायला लागली. तो लिफ्टच्या खोलीत वर, ती खाली बटणापाशी. "वर ये," "थांब," "खाली." दिवसभरात एवढेच शब्द. तिला ते आवडायला लागलं होतं, हे तिने पुढे कबूल केलं.

तारखेच्या आदल्या आठवड्यात ग्रंथपालबाई वकिलाला घेऊन सरकारी वकिलांसमोर हजर झाल्या. उशीर का झाला, तर त्या आधी डॉक्टरांकडे गेल्या होत्या. गोळीशिवाय झोपायला शिकायला त्यांना तेवढे दिवस लागले. "शुद्धीत असताना सांगायचं होतं मला," त्या म्हणाल्या. त्यांनी यजमानांच्या नावची डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, औषधाच्या दुकानातून कुठल्या खोक्यातल्या गोळ्या दिल्या त्याची नोंद निघाली, ती जुळली.

सरकारी वकील दमलेला, नाकी नऊ आलेला गृहस्थ होता. बाईंच्या जबाबात क्लचताईच्या भेटीचा उल्लेख होता, म्हणून त्याने तिला एकच विचारलं, "तुम्हाला आधी कळलं होतं, मग बोलला का नाहीत?"

वकिलीणबाईने तिच्याकडे धाकाने पाहिलं. क्लचताईने तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाली, "माझ्या वकिलांशी बोला."

तिच्यावरचा खटला काढून घेतला गेला. चौकातली ती दोन वाक्यं कागदावर राहिली, पण चष्मा डोक्यावर असलेल्या बाईने खोकल्याच्या गोळ्या समजून ती म्हटली, हे सगळ्यांनी मान्य केलं. परवाना मिळाला, गाडीही मिळाली. बॅटरी मात्र ठाण्यात उभ्या उभ्या बसली होती.

ग्रंथपालबाईंचं तेवढं सोपं झालं नाही. यजमान गेल्यावर त्या गोळ्या औषध राहिल्या नव्हत्या, बाळगणं हा गुन्हाच होता. न्यायाधीशबाईंनी त्यांना समजावून सांगितलं की पहिलाच प्रसंग आहे, गोळ्या थोड्या आहेत, विकण्याचा हेतू नव्हता आणि त्या आपण होऊन आल्या आहेत, म्हणून कायद्यात एक वाट आहे. व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात नेमाने जायचं, तपासणी द्यायची. हे नीट पार पडलं तर खटला बंद होईल. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. "व्यसन" हा शब्द ऐकून बाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "ठीक आहे. शब्द बरोबर आहे."

त्या बसने दवाखान्यात जात राहिल्या. तिथल्या खोलीत त्यांच्या निम्म्या वयाची माणसं गोल करून बसायची. सुरुवातीला त्या नुसतं ऐकायच्या. पुढे त्यांनी तिथं एक फळी लावून घेतली आणि घरातली पुस्तकं नेऊन ठेवली. खटला बंद झाला त्या दिवशी त्या क्लचताईच्या घरी आल्या. नवऱ्याने खुर्ची दिली, चहा टाकला.

"मला परत शिकायचंय," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी लिहून दिलंय."

क्लचताईने कागद वाचला, चष्मा लावून. परत दिला.

"शिका. पण माझ्याकडे नको. राग नाही माझा, खरंच नाही. पण मी शेजारी बसले की माझा पाय सारखा ब्रेकवर राहील, आणि तसं कुणी शिकत नाही. नदीपलीकडे एक शिकवणारा आहे, सज्जन माणूस. माझ्यापेक्षा कमी बोलतो."

ग्रंथपालबाईंनी कप खाली ठेवला. "त्याला सांगावं लागेल का? झालं ते?"

"सांगा. आधीच सांगा. नंतर सांगितलेलं जड जातं."

त्यांनी सांगितलं. त्या शिकल्या. पावसाळा संपल्यावर एकदा बाजाराच्या रस्त्यावर क्लचताईच्या गाडीसमोरून त्या गेल्या, एकट्या, हळू, अगदी आपल्या बाजूने, आणि पुढच्या कोपऱ्यावर वळल्या. क्लचताईच्या गाडीत त्या वेळी एक नवी मुलगी होती, स्टिअरिंग आवळून धरलेली. मुलीने विचारलं, "कोण होत्या त्या? तुम्ही एकदम गप्प झालात."

"वाचनालयातल्या बाई," क्लचताई म्हणाली. "बघितलंस वळताना? आधी इशारा दिला, मग वळल्या. आता तू."